पिंपावर बसलेली धनीण

मित्रांनो, मी एक जुना राखणदार कुत्रा आहे. माझं नाव अकतोश, म्हणजे पांढऱ्या छातीचा.

मेंढ्यांच्या वाड्यात, लोकरीच्या एका फाटक्या नमद्यावर मी जन्मलो. डोळे उघडले तेव्हा समोर कळप होता. तोच माझा गोतावळा झाला. दर उन्हाळ्यात मी धनी सागिनबेक यांच्या घोड्यामागून डोंगरावरच्या कुरणात जाई. एकदा मी लांडग्याला पळवून लावलं, तर धन्यांनी आपल्या ताटातला मेंढीच्या चरबीदार शेपटीचा तुकडा मला घातला!

पण एका वसंतात माझ्या अंगावर पिसवा झाल्या. खाजवून खाजवून कंबर सोलवटली. कळपाकडे बघायला मला फुरसतच मिळेना.

"हा यंदा खालीच राहील," धनी म्हणाले. मी कान पाडले.

मग त्यांना एक युक्ती सुचली. मेंढ्यांना ज्यात बुडवून काढतात ते गोचिडांचं औषध पिंपात उरलं होतं. बाह्या सरसावून ते मला ओढू लागले. तेवढ्यात धनीण बुरुलकान धावत आली, तिने पिंपावर झाकण टाकलं आणि वर ठाण मांडून बसली.

"अगं, ऊठ! मेंढ्यांना चालतं, मग याला काय होतंय?"

"मेंढी अंग चाटत बसते का? शेजाऱ्यांचा कुत्रा यातच बुडवला होता. तोंडाला फेस येऊन पडला बिचारा, विसरलात? जिपारला निरोप धाडलाय, ती येईपर्यंत मी उठायची नाही."

"मग चहा कोण करणार?"

"तुम्ही!"

जिपार ही गावची जनावरांची डॉक्टर. ती आली तेव्हा बुरुलकान पिंपावर बसूनच धन्यांच्या हातचा चहा पीत होती.

"काका, आधी वजन करू. औषध वजनावर ठरतं," जिपार म्हणाली.

मी काट्यावर थांबेना. शेवटी धनी मला उचलून लोकर तोलायच्या काट्यावर चढले, मग एकटे चढले.

"अकतोशचं ठीक आहे," बुरुलकान म्हणाली. "तुमचंच जरा उतरवायला हवं!"

सगळे हसले. मी धन्यांचं नाक चाटलं.

जिपारने माझ्या मानेमागचे केस बाजूला केले. तिथली कातडी धड आहे हे पाहून तिने थेट कातडीवर थेंब सोडले. तिथे माझी जीभ पोचत नाही.

"थोडं मांजरीलाही टाक की," धनी म्हणाले.

"छे, छे! कुत्र्याचं हे औषध मांजरीच्या जिवावर बेतेल. याच्या अंगावरचं औषध वाळेपर्यंत तिला जवळसुद्धा येऊ देऊ नका. आणि याचं अंथरूण गरम पाण्यातून काढा."

मांजर रोज माझ्या पोटाशी झोपे. त्या दिवशी दाराआड बसून तिने आम्हा सर्वांचा उद्धार केला.

हळूहळू खाज थांबली, कंबरेवर नवे केस आले. कुरणाकडे निघायच्या सकाळी धन्यांनी शीळ घातली, आणि मी सगळ्या घोड्यांच्या पुढे धावलो!

मित्रांनो, आम्हाला बाटलीवरचं वाचता येत नाही. तुम्ही अंगावर जे घालाल ते आम्ही शेपटी हलवत घालून घेतो. म्हणून आमच्या वाटचं वाचायचं काम तेवढं तुम्ही करा.