टँकरच्या यादीतलं नाव

"गुरुवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घर जळत असलं तरी हातवारे कर."

लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुवारी सासूबाईंनी मला हे बजावलं होतं. घर काही कधी जळलं नाही. पण अठ्ठ्याण्णव सालच्या एका गुरुवारी आमच्या विरारच्या फुलपाड्यात पाणी नव्हतं, त्याची झळ आठ वर्षं झाली तरी लागतेच आहे.

नऊ दिवस नळाला थेंब नाही म्हणून आम्ही बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्यात बसलो होतो. घोषणा इतरांच्या, हंडा तेवढा माझा. माझी अश्लेषा तेव्हा नुकती अठरा पूर्ण झालेली. उपासाची केळी द्यायला ती आली आणि तेवढ्यात हवालदार वही उघडून उभे राहिले.

"नावं सांगा एकेकीनं."

आता, विरारात वही घेऊन आलेला माणूस टँकरची यादी करायलाच आलेला असतो. बायका तुटून पडल्या. मनोरमा कोपरानं वाट काढत पुढे. हंसा म्हणाली, "भाऊ, माझं दोनदा लिहा, घरात सात माणसं आहेत!" मला विचारलं तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. अश्लेषा म्हणाली, "आईचं मौन आहे. तिच्याऐवजी माझं लिहा."

हवालदारांनी कुणालाही निराश केलं नाही. टँकर आला नाही, समन्स आलं. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं. हंसाचं खरंच दोनदा लिहिलं होतं. ती अजूनही आरोपी क्रमांक चार आणि नऊ आहे.

पुढे तारखा पडत राहिल्या. कधी साहेब रजेवर, कधी पंच गैरहजर. आमचे हे म्हणायचे, "नुसती केस आहे, शिक्षा थोडीच झालीय?" मलाही ते पटायचं. माझं व्रत मोडलं नव्हतं ना, मग झालं.

यंदा अश्लेषाची सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून निवड झाली. पेढे वाटून झाल्यावर पोलिसांचा चारित्र्याचा अहवाल आला. शेरा दोनच शब्दांचा : गुन्हा प्रलंबित. दवाखान्यातले कारकून फार सज्जन. म्हणाले, "गुन्हा सिद्ध झाला नाही, मान्य. पण बाई, तुम्ही निर्दोष तरी कुठे ठरलात?" महिनाअखेरपर्यंत सुटकेचा कागद आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या निवडणुकीचे उमेदवार हर्षवर्धनराव दारात आले. त्यांच्यावरचे आठ गुन्हे त्यांनी स्वतःच प्रतिज्ञापत्रात लिहिले होते. प्रामाणिक माणूस.

"काकू, आशीर्वाद असू द्या."

अश्लेषानं विचारलं, "दादा, तुमच्यावर आठ केसेस आहेत ना?"

"प्रलंबित आहेत गं! सिद्ध झाल्याशिवाय कुणी गुन्हेगार नसतो. कायदाच आहे तसा."

"माझ्यावर एकच आहे."

"अरेरे!" त्यांना मनापासून वाईट वाटलं. "मग नोकरीचं अवघड आहे. तू निवडणुकीला का नाही उभी राहत?"

मी त्यांच्या हातावर साखर ठेवली. आठ गुन्ह्यांचा माणूस शहर चालवू शकतो, एका गुन्ह्याच्या मुलीनं मात्र रुग्णाच्या तोंडात थर्मामीटर धरायचा नाही. देवाचा न्याय कळायला निदान पोथी तरी असते.

मग आम्ही पापडी गावचे फर्डिनंड वकील गाठले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे पोरगी केळी द्यायला आलेली, आणि आठ वर्षांत हे कोर्टात कुणी सांगितलंच नाही?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

"आता तुम्ही सांगा. पण बाई, 'हंडा घेऊन मीच बसले होते' असं साक्षीत म्हणालात तर उद्या तुमच्यावरही गुन्हा येऊ शकतो."

"येऊ दे. देवापुढच्या वाती वळायला चारित्र्याचा दाखला लागत नाही."

त्यांनी डायरी चाळली. "तारीख पुढच्या गुरुवारची आहे. ती चुकली तर दोन महिने जातील."

अश्लेषानं माझ्याकडे पाहिलं. मग वकिलांना हळूच विचारलं, "आईनं लिहून दिलं तर?"

"साक्षीदारानं बोलायचं असतं, बाळ."

"बोलेन," मी म्हणाले. "शब्द देते."

आज तो गुरुवार. सूर्य वर आल्यावर समई लावली. सासूबाईंच्या फोटोला हार घातला आणि म्हटलं, "घर जळतंय. हातवारे करून झाले." सत्तावीस वर्षांत गुरुवारी दिवसाउजेडी माझा आवाज त्या खोलीनं पहिल्यांदाच ऐकला. मलाही तो जरा परकाच वाटला.

अश्लेषा वकिलांना घेऊन परस्पर कोर्टात येणार होती. मी चपला घातल्या. जिन्यात मनोरमा दूध घेऊन वर येत होती. आज वार कुठला, हे तिला ठाऊक. तिनं भुवया उडवून, हात नाचवून विचारलं, कुठे?

"कोर्टात," मी म्हटलं, आणि पदर सावरून जिना उतरू लागले.