तळहाताएवढा काळा डाग

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. घाबरू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. एखादी वस्तू किती तापली आहे, हे मी तिला न शिवता सांगते. प्रत्येक वस्तूतून उष्णतेचे किरण निघतात. ते तुम्हाला दिसत नाहीत, मला दिसतात.

वाफेवर चालणाऱ्या एका मोठ्या धुलाईखान्यात मी पंधरा वर्षं राबले. तिथले मिस्त्रीकाका मला कमरेला अडकवून फिरत. "हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं ते म्हणत आणि मी फुलून जाई. वाफेच्या जाड, चकचकीत नळीवर त्यांनी तळहाताएवढा काळा डाग रंगवला होता. मला त्या डागावरच रोखायचं, ही त्यांची शिस्त. का, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "सांगितलं तेवढं करा," एवढंच.

त्यांची पुतणी हाताखाली काम शिकायला आली. पोरीला स्वच्छतेचं भारी वेड. एकदा मोठे साहेब पाहणीला यायचे होते, तर तिने नळी घासून लख्ख केली आणि तो डागही खरवडून काढला. दुपारी त्या नळीवरची झडप बदलायची होती. वाफ बंद होऊन फार वेळ झाला नव्हता. काका फाटकाशी साहेबांना घ्यायला गेलेले. तिने मला नळीवर रोखलं.

लख्ख धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर सोडत नाही, समोरच्याचे किरण तेवढे परतवतो. मला नळीत समोरची गार भिंतच दिसली. मी इमानाने आकडा दाखवला, एकतीस अंश. तिने निर्धास्तपणे हात टेकवला.

ती किंकाळी मी विसरलेले नाही.

"खोटारडी आहे ही!" ती रडत ओरडली. मी महिनाभर खणात धूळ खात पडले. खोटारडी हा शब्द मला फार लागला.

ती परतली तेव्हा उजव्या हाताची पट्टी सुटलेली नव्हती. काकांनी मला बाहेर काढलं.

"बंदूक खोटं बोलली नाही, पोरी. चकचकीत नळी दुसऱ्याचीच उष्णता दाखवते. काळा, खरबरीत रंग आपली स्वतःची दाखवतो. डाग त्यासाठी होता."

"मग आधी का नाही सांगितलंत, काका?"

काकांनी काळ्या रंगाचा डबा तिच्यापुढे ठेवला. "वाटलं, माझा शब्द पुरे आहे. चुकलंच माझं."

तिने डाव्या हाताने कुंचला घेतला आणि वाकडातिकडा का होईना, डाग पुन्हा रंगवला.

आता काका कामावर नाहीत. माझा पडदा अंधुक झाला आहे. ती मात्र नव्या माणसाला आधी आपला भाजलेला तळहात दाखवते, मग तो डाग आणि शेवटी मला.

मित्रांनो, मला जपा. पण कुठलाही डाग पुसण्याआधी, तो कुणी आणि कशासाठी रंगवला, ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने विचारण्याची वाट पाहू नये.