वीस मिनिटांचा मत्सर

रविवारी सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या घरात अठरा माणसं एका कमोडकडे टक लावून उभी होती. चपला बाहेर काढून. ज्यांना संडासाच्या दाराशी जागा मिळाली नाही, ते सोफ्यावर चढले होते. मी जरा उशिरा वरून उतरलो, त्यामुळे मला सोफाही मिळाला नाही.

"आता येईल," जलवाचक गुरुजी म्हणाले. "मत्सर मुरायला वीस मिनिटं लागतात."

मत्सर आमच्या बहिणीचा होता, असं गुरुजींचं निदान. ती दहाला आली होती आणि आरोपीसारखी हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती. दहा वीसला कमोडमध्ये गुडगुड झाली. पाणी काठापर्यंत चढलं, काठावरून उतरलं आणि हॉलकडे निघालं.

"पाय उचला!" गुरुजी ओरडले. "जळफळाट आहे तो! तळव्यातून वर चढतो!"

हा सलग पाचवा रविवार. भावाची नवी लाकडी जमीन फुगून वाकडी झाली होती, भिंतीचा कागद खालून सुटला होता. घरभर जो वास होता त्याला गुरुजी 'द्वेषगंध' म्हणत. आम्ही लहानपणापासून त्याला दुसऱ्या नावानं ओळखत होतो.

बहीण म्हणाली, "अहो, मला कशाचा मत्सर? या जमिनीचा? माझ्या घरची फरशी पुसतानाच माझी कंबर मोडते."

"मत्सरी माणसाला स्वतःचा मत्सर दिसत नाही."

"आणि दिसला असता तर?"

"मग तर पुरावाच झाला!"

गुरुजींनी दर रविवारप्रमाणे शुद्धीच्या खड्यांची पुरचुंडी कमोडमध्ये सोडली, फ्लश ओढला आणि निकाल दिला: ही बाई दाराच्या आत नको.

"वन्सं, वाईट वाटून घेऊ नका," भावाची बायको म्हणाली, "पण पाच रविवार मीच पुसतेय."

आता स्पष्टच सांगतो, मला हेवा वाटत होता. मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो. लाकडी जमीन धाकट्याकडे, आई धाकट्याकडे, बहीण येणार ती धाकट्याकडे, आणि आता चमत्कारसुद्धा धाकट्याकडेच. माझ्या कमोडनं बारा वर्षांत एकदाही कुणाचं लक्ष वेधून घेतलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बहीण बाहेर, आईच्या खिडकीपाशी उभी राहिली. आईला पलंगावरून उठता येत नाही.

"आत ये ना गं, तिथं काय उभी?"

"चप्पल चिखलाची आहे, आई."

आणि पाणी चढलं नाही! थेंबभरही नाही. गुरुजींचा फोन संध्याकाळपर्यंत खणखणत होता.

मी वर पेपर घेऊन बसलो होतो. घर फार शांत होतं. कोपऱ्यात मळक्या शर्टांची टोपली भरून वाहत होती, आणि तिच्याकडे बघता बघता मी पेपर खाली ठेवला.

बहीण दारातूनच हसत येते. मग आई हसते, धाकटा हसतो, ते सगळं जिन्यातून वर येतं. ते ऐकू येऊ नये म्हणून मी वॉशिंग मशीन लावतो. दर रविवारी, दहाला. झटपट धुलाई, वीस मिनिटं. आज कुणी हसलं नव्हतं, म्हणून मी मशीन लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लंबरला गाठून सगळं सांगितलं. "साहेब, पुढं पाइप तुंबलाय," तो म्हणाला. "फ्लशचं पाणी झिरपत निघून जातं. मशीन एका दमात पाच-सहा बादल्या ओततं. ते जाणार कुठं? सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येणार. पण मशीन नेमकं त्याच वेळी का लावता?"

"सवय," मी म्हणालो.

पाइप गुपचूप साफ करून घेता आला असता. पण मग श्रेय गुरुजींना गेलं असतं, आणि बहीण आई असेपर्यंत खिडकीबाहेर उभी राहिली असती.

रविवारी समारोपाच्या शुद्धीला चाळीस माणसं जमली. बहीण खिडकीबाहेर. मी मशीनमध्ये मूठभर नीळ टाकली, बटण दाबलं आणि खाली आलो.

"आज पाणी येणार नाही," गुरुजी म्हणाले. "घर निर्मत्सर झालंय."

वीस मिनिटांनी गुडगुड झाली. कमोडमधून निळंशार पाणी उसळलं.

गुरुजी क्षणभरच अडखळले. "हा दूरचा मत्सर! ती खिडकीतून सोडतेय!"

सोफ्यावरून कुणीतरी विचारलं, "पण निळा कसा?"

"मत्सराचा मूळ रंग निळाच!"

"मग तो मलाही लागलाय," म्हणत मी हात वर केला. मनगटापर्यंत निळा. "नीळ माझी, पाणी माझ्या मशीनचं."

तेवढ्यात मी बोलावून ठेवलेल्या प्लंबरनं बाहेर चेंबर उघडून तार घातली. आधी ओल्या टिश्यूंचा बोळा निघाला, पाठोपाठ खड्यांच्या पाच पुरचुंड्या. "तुंबलेल्या पाइपाला हे औषध कुणी दिलं?" त्यानं विचारलं. गुरुजी तोवर चपला शोधत होते.

धाकटा माझ्याकडे बघत होता. "पण दादा, ताई आली की नेमकं तेव्हाच कसं रे?"

चाळीस माणसं ऐकत होती. "तुम्ही हसायचात," मी म्हणालो. "वर ऐकू यायचं. म्हणून मशीन लावायचो."

खिडकीतून बहीण म्हणाली, "मग खाली यायचं ना!"

"बोलावलं नाही कुणी."

"हसायला यायची आता पत्रिका छापू का तुला?"

"भांडण नंतर," आई आतून म्हणाली. "आधी तिला आत घ्या. आणि हा मोठा कुठं निघाला, त्यालाही."

बहीण ओल्या जमिनीवरून, चप्पल हातात घेऊन आत गेली. मागून मी.

गुरुजींचं एक मान्य करायला हवं: घरात मत्सरी माणूस होता. पण मत्सराला पाणी हलवता येत नाही, त्याला पंप लागतो. नुसत्या जळण्यानं कमोड भरले असते तर आमची अख्खी गल्ली कधीच बुडाली असती. तेव्हा पाणी चढलं तर आधी पाइप तपासा, वर कोण राहतं ते विचारा. माणसाला घराबाहेर काढण्याआधी एवढं तरी करा. आणि तुम्हीच वर राहत असाल, खालून हसणं ऐकू येत असेल, तर बटण दाबू नका. जिना उतरा.