चौदा नंबरचं घड्याळ

चौदा नंबरच्या खोलीतल्या, परदेशात राहणाऱ्या मराठी पाहुणीचं सोन्याचं घड्याळ हरवलं, तेव्हा ती खोली माझी धाकटी जाऊ आवरत होती. पाहुणीनं नुसतं बोट दाखवलं, आणि हॉटेलच्या मॅनेजरनं जावेला त्याच दिवशी घरी बसवलं. अकरा वर्षं चादरी बदलल्या होत्या हो तिनं!

तिसऱ्या दिवशी मी त्या खोलीत टॉवेल ठेवायला गेले, तर पाहुणीनं मला गच्च मिठीच मारली. घड्याळ तिच्याच बुटात सापडलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मला माफ कर गं, तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"बाई, ती मी नव्हे, माझी जाऊ," मी म्हटलं. जाऊ माझ्याहून चांगली वीतभर उंच आहे. पण हिनं बघितला होता फक्त गणवेश. "घड्याळ सापडलं, एवढं खाली मॅनेजरला सांगा."

तिनं डोळे पुसले आणि मनगटावरच्या त्याच घड्याळात पाहिलं. "अगंबाई, विमान चुकेल माझं! तूच सांग ना त्यांना."

मी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "तू जावेची बाजू घेणारच."