मुकादमांचं बोट

मुकादमांनी डाव्या हाताने कबरीत तीन मुठी माती टाकली आणि काठीच्या आधाराने ते सरळ झाले. आता कद्दीश म्हणायचा होता, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. म्हणणार कोण, ते ठाऊक नसल्यामुळे उरलेले नऊ पुरुष आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

नागपुरातल्या मूठभर बेने इस्राएल ज्यूंचे हनोख अष्टमकर वीस वर्षं मुकादम, म्हणजे जमातीचे प्रमुख, होते. प्रार्थना त्यांच्या एकट्याच्या तोंडून निघायची. बाकीच्यांनी फक्त ‘आमेन’ म्हणायचं. कुणी चाचरत म्हणू लागला की मुकादमांचं बोट वर जाई आणि तो मुकाट खाली बसे. गेल्या उन्हाळ्यात अर्धांगाने त्यांची वाचा गेली. आज बायको गेली, एरूशाबाई. मुलगा इस्रायलला. तिला कद्दीशवाचून मातीआड करायची पाळी आली होती आणि ती आपणच आणली, हे त्यांना पुरतं कळत होतं.

वाडीहून मालट्रकने आलेल्या म्हाताऱ्या सॅमसनने शेवटी विचारलं,

“कोनाले येते का गा?”

लोको शेडमधला फिटर बिन्यामीन पुढे झाला.

“मले येते थोडं.”

मुकादमांनी सगळ्यात जास्त वेळा खाली बसवलेला माणूस हाच. हातात पुस्तकही नाही. डोळे मिटून तो म्हणू लागला.

“यिथगद्दल वेयिथकद्दश शामे रब्बा...”

बोट वर गेलं. सवयच ती. बिन्यामीनने डोळे उघडले, बोट बघितलं आणि तो थांबला.

शेमे, म्हणजे त्या परमेश्वराचं नाव. शामे नव्हे. हे ‘शामे’ कुठल्याच पुस्तकात नव्हतं, फक्त मुकादमांच्या स्वयंपाकघरात होतं. एरूशाबाई कानावर पडून पाठ झालेलं पुटपुटत भाकरी थापायची आणि ते तिला चिडवायचे, “हा शाम कोण गं, तुझा मामा?” ती हसायची नि पुन्हा तसंच म्हणायची. रेल्वेच्या नोकरीत ते गार्डाची पेटी घेऊन इटारसीला गेले की ती मागे काय करत होती, ते त्यांना आज कळलं.

“चुकलं का?” बिन्यामीन म्हणाला. “एरूशामामीनं असंच शिकवलं मले.”

मुकादमांना रडू फुटलं. बोट खाली घेऊन त्यांनी वाकडं झालेलं तोंड कसंबसं उघडलं.

“शा... मे.”

बिन्यामीनने पुढचं म्हणायला घेतलं.