नकली आजोबा

जपानात सेंदाईला लेकीकडे आलो आणि आठवडाभरात मला नातू झाला. आठ वर्षांचा, नाव अनुराग, आणि अस्तित्वात नसलेला.

मैत्रेयी इथल्या विद्यापीठात विशेष शिक्षणाची शिक्षिका व्हायला शिकते. त्यांच्या सरावाच्या बैठका असतात. मैत्रेयी, वाचा-उपचार शिकणारी ओगावा-सान आणि फिजिओथेरपी शिकणारा हायाशी-सान, तिघांनी मिळून एका कल्पित मुलासाठी एकच योजना आखायची. गेल्या खेपेला गट नापास झाला. त्यांच्या बाई मोरी सेन्सेई म्हणाल्या, "योजना उत्तम आहे, पण एकट्या मैत्रेयी-सानची आहे." पुन्हा तसंच झालं तर तिघांचं एकत्र शाळेत कामाला जाणं वर्षभर लांबणार होतं.

"ते दोघं बोलतच नाहीत, बाबा."

"तू थांबतेस का?"

"थांबते की. मध्ये श्वास घेते ना."

आमच्या पुण्यात समोरच्यानं श्वास घेतला की ती आपली पाळी. इथं माणूस आधी प्रश्न नीट ठेवून घेतो, मग उत्तर शोधायला आत जातो.

या खेपेचा कल्पित मुलगा, अनुराग, भारतीय घरातला, वर्गात अवाक्षर न बोलणारा. त्याच्या आजोबांना जपानी येत नाही. ही पात्रता माझ्याकडे भरपूर असल्यानं सेन्सेईंनी आजोबा म्हणून मलाच बसवलं. मैत्रेयीला दुभाष्याचंही काम दिलं आणि बजावलं, "भाषांतर करताना स्वतःचं काही घालायचं नाही." लेकीचा चेहरा कडक उपास सांगितल्यासारखा झाला.

हायाशी-सान अनुरागच्या बाकाच्या उंचीबद्दल बोलला. मग शांतता. मैत्रेयीनं तोंड उघडलं, पण भाषांतराला काही नव्हतं. मिटलं. शांतता इतकी लांबली, की मला डुलकी लागायची वेळ आली. तेवढ्यात ओगावा-साननं हळूच काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," मैत्रेयी म्हणाली, "अनुराग घरी तुमच्याशी बोलतो का?" आणि नियम मोडून पुटपुटली, "हे मला सुचलंच नव्हतं."

"बोलतो की. पत्ते खेळताना. मी लबाडी करतो, म्हणून भांडतो."

मला दिलेल्या माहितीत यातलं काही नव्हतं. पण नातू माझा होता.

ओगावा-सान हसली. म्हणाली, मग वर्गातही पत्त्यांनीच सुरुवात करू. हायाशी-साननं बसकं टेबल सुचवलं. मैत्रेयीनं खेळायला एकच मित्र दिला, तोही थोडा लबाड. शेवटी योजनेत कोणाचं काय, ते त्यांनाही सांगता येईना. सेन्सेईंनी तिघांना पास केलं.

बाहेर मैत्रेयी ओगावा-सानपुढे चांगली वाकली. "तू विचारलंस म्हणून झालं," ती जपानीत म्हणाली आणि सवयीनं मलाही मराठीत सांगितलं. ओगावा-सान गप्प. मैत्रेयी तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं ती मुलगी काहीतरी म्हणाली आणि माझ्या लेकीचे डोळे भरले.

"काय म्हणाली गं?"

"म्हणते, शाळेत पहिल्या दिवशी मुलांसमोर आधी तू बोल. मला भीती वाटते. तू आहेस म्हणून मी येतेय."

परमुलखात पोरीला कोण आहे, या काळजीनं मी इथवर आलो होतो. मला वाकणं नीट जमत नाही. मी ओगावा-सानला आपले दोन्ही हात जोडले.