दुसरी प्रत

"समोर काय लिहून येतं ते वाचायचं असतं हो, बाई. देवानं डोळे दिलेत ना?"

फोन खांद्याशी दाबून धरून तो हिशेब विभागातल्या बाईंना झापत होता. बाईंनी संगणकाचा प्रश्न न वाचताच 'हो' म्हटलं होतं आणि फाइल उडाली होती. ती परत मिळणार होती, कारण कंपनीचा बॅकअप याच्या हातात होता. पण नाक घासायला लावल्याशिवाय हा कुणाला काही परत देत नसे. अख्खी कंपनी म्हणजे त्याच्या लेखी अडाण्यांचा बाजार. साहेब बिनडोक, हिशेबवाले झोपाळू, आणि विक्रीवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

हे झापणं चालू असतानाच सर्व्हरच्या थंडगार खोलीत तो बॅकअपच्या सॉफ्टवेअरला साठ्यासाठी नवी डिस्क जोडत होता. शेजारीच आणखी एक डिस्क लावलेली होती, मावशीची. मावशीनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. ती अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, आणि वाचायची अशी की ऐकणारा जेवण विसरावा. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पुढे शाळाही बंद पडली. उरलंसुरलं सगळं या एका डिस्कवर होतं. दुसरी प्रत करून ठेव, असं ती कधीपासून खुणांनी सांगत होती. करतो गं, त्यात काय एवढं, असं म्हणत त्यानं टाळलं होतं. आज कुठे मुहूर्त लागला होता.

दोन्ही डिस्क काळ्या, एकाच मापाच्या. यादीतली एक त्यानं निवडली. पडद्यावर प्रश्न आला, हिच्यावरचं सगळं पुसून साठ्यासाठी वापरायची का? फोनवर बाईंना 'वाचत जा जरा' असं सुनावता सुनावता त्यानं 'हो' दाबलं. मग चहा प्यायला गेला, तिथे चारचौघांत बाईंची नक्कल केली, हशा मिळवला आणि खुशाल घरी गेला.

सकाळी येऊन पाहतो तर कंपनीची नवी डिस्क कोरीच्या कोरी आणि मावशीची रात्रीच्या बॅकअपनं काठोकाठ भरलेली. पुसलेलं कधीमधी परत काढता येतं, पण त्यावर नवं चढलं की संपलं, हे त्याच्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं. आणि चढलं होतं तरी काय? साहेबांची पाल्हाळिक भाषणं, जाहिरातींचे तेच ते फोटो, कुणाच्या तरी निरोपसमारंभातला धांगडधिंगा. मावशीच्या आवाजावर हा उकिरडा त्यानं आपल्या हातानं ओतला होता. बाईंना निदान फाइल परत देणारा कुणीतरी होता. स्वतःची त्याला अशी किळस कधी आली नव्हती.

घरी येताना त्यानं ठरवलं होतं, सॉफ्टवेअरच भिकार आहे म्हणून सांगायचं. मावशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं भुवया उंचावल्या. झालं का?

"पुसलं गेलं, मावशी," तो म्हणाला. ती बघतच राहिली, तेव्हा त्याला पुढचंही बोलावं लागलं. "मी पुसलं. संगणकानं विचारलं होतं मला. मी वाचलंच नाही."

मावशीचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. डोळे भरून आले, पण ते तिनं पुसले नाहीत. हातातल्या टॉवेलची घडी तिनं पुरी केली, ढिगावर ठेवली आणि ती उठली. कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून तिनं त्याच्या हातात दिलं. त्याचा फोन त्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंगच्या खुणेवर बोट दाबायला लावलं. मग पहिलं पान उघडून पहिल्या शब्दावर आपलं बोट टेकवलं.

त्यानं वाचायला सुरुवात केली. आयुष्यभर जसं वाचलं तसंच, घाईघाईनं, अर्धे शब्द गिळत.

वाक्य संपायच्या आत मावशीनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, नकारार्थी मान हलवली आणि बोट पुन्हा पहिल्या शब्दावर आणून ठेवलं.